वैशाखात मुळं जपायची

होळी झाली की थंडीतली फुलं एकेक करून माना टाकू लागतात. पिटुनियाची पानं चिकट होऊन सुकतात, पॅन्झी कोमेजते, डायन्थस बुडातून पिवळा पडतो. डिसेंबरात रोपवाटिकेतून हौसेने आणलेल्या कुंड्या गुढीपाडव्यापर्यंत रिकाम्या होतात आणि आता जूनपर्यंत बागेला सुट्टी, असं घरोघरी ठरून जातं. नेमक्या त्याच दिवसांत दादरच्या फूलबाजारात मोगऱ्याच्या कळ्यांचे ढीग लागलेले असतात. पुण्यात दगडूशेठ गणपतीपुढे मोगरा महोत्सव होतो, पंढरपुरात विठ्ठलाला चंदनाची उटी लावली जाते, आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या हातात पन्ह्याच्या पेल्याबरोबर मोगऱ्याचा गजरा पडतो.

आपल्याकडची बरीच सुवासिक फुलं ऊन वाढल्यावरच येतात. मोगरा, अनंत, सोनचाफा, जाई-जुई हे सगळे चैत्र ते आषाढ या काळात कधी ना कधी बहरतात. पिटुनिया आणि पॅन्झी ही थंड हवेची झाडं, ती मार्चनंतर टिकावीत अशी अपेक्षा ठेवण्यातच अर्थ नाही. वैशाखातली बाग फुलवायची तर वैशाख मानवणारी झाडं निवडावीत आणि त्यांची मुळं गार ठेवावीत. खत, फवारणी, छाटणी ही कामं या दिवसांत दुय्यम ठरतात.

या झाडांत पहिला मान मोगऱ्याचा. पारिजातक आणि ऑलिव्ह ज्या कुळातले त्याच कुळातलं हे झुडूप. त्याची एक खोड ध्यानात ठेवली की निम्मं काम होतं: मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीच्या टोकाला. जुन्या, तपकिरी झालेल्या फांदीवर कळी धरत नाही. म्हणून मोगऱ्याची शेती करणारे लोक थंडीत झाडाचं पाणी तोडतात, पानं झडू देतात, फांद्या निम्म्याने छाटतात आणि मग शेणखत घालून पाणी सुरू करतात. झाडाला एकदम सगळीकडून धुमारे फुटतात आणि प्रत्येक धुमाऱ्याच्या टोकाला कळ्यांचा झुबका येतो. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि विक्रमगडच्या आदिवासी शेतकऱ्यांनी डोंगरउतारावरच्या छोट्या तुकड्यांत हा मोगरा लावला, आणि पावसाळी भातानंतर ज्या घरांतली माणसं कामासाठी बाहेरगावी जात, त्यांतल्या अनेकांना उन्हाळ्यात गावातच रोजचं उत्पन्न मिळू लागलं. कळ्या पहाटे खुडायच्या आणि मुंबईकडे रवाना करायच्या, असा तिथला शिरस्ता आहे.

गॅलरीतल्या कुंडीतही हेच तंत्र चालतं. थंडीत छाटणी राहून गेली असेल तरी वैशाखात वेळ गेलेली नसते. एक बहर ओसरला की फुलून गेलेल्या प्रत्येक फांदीचा शेंडा पानांच्या दोन जोड्यांसह कातरून टाकावा. काही आठवड्यांत खालच्या डोळ्यांतून नवी फूट येते आणि तिच्यावर पुढचा बहर धरतो. घरचा मोगरा एकदाच फुलतो आणि मग नुसता पाल्यानेच वाढतो, अशी तक्रार जिथे जिथे ऐकू येते तिथे बहुतेकदा या कातरणीचा आळस असतो. दुसरं कारण उन्हाचं. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. मुंबईतल्या कितीतरी बॉक्स ग्रिलमध्ये हिरवागार मोगरा दिसतो, पण फुलाचं नाव नसतं. समोरच्या इमारतीच्या सावलीत तो फक्त जिवंत राहतो.

मोगऱ्याच्या कळीला वास जवळजवळ नसतो. संध्याकाळी ती उमलू लागते आणि उमलतानाच पाकळ्यांत सुगंधी द्रव्यं तयार होऊन बाहेर पडतात. त्यांत बेंझिल अ‍ॅसिटेट आणि लिनालूल ही गोड, हलकी द्रव्यं असतात आणि थोडं इंडोलही असतं. त्या इंडोलमुळे बंद खोलीत ठेवलेल्या मोगऱ्याचा वास जड, कधी डोकं चढवणारा वाटतो. पांढरा रंग आणि रात्रीचा वास ही निशाचर पतंगांना बोलावण्याची तयारी आहे. कळी झाडावरून खुडली तरी हे काम थांबत नाही. सकाळी ओवलेला गजरा रात्री दरवळतो तो याच कारणाने. चीनमध्ये चहाच्या पानांत रात्रभर मोगऱ्याच्या कळ्या मिसळून ठेवतात, तेव्हा त्या तिथेही उमलतात आणि चहा तो वास शोषून घेतो. जगभर जॅस्मिन टी म्हणून विकला जातो तो हाच. घरच्या बागेसाठी एवढंच: देवाला किंवा केसात माळायला कळ्या हव्या असतील तर त्या सकाळी, पांढऱ्या आणि टपोऱ्या झाल्यावर खुडाव्यात. हिरवट कळी नंतर उमलत नाही.

एकेरी मोगरा, गोल कळीचा बटमोगरा, लांबट टोकदार कळीचा मदनबाण, आधार दिला तर चढणारा वेलमोगरा, पाकळ्यांनी गच्च भरलेला हजारी मोगरा, अशा याच्या कितीतरी तऱ्हा. एका तऱ्हेचा प्रवास तर फार दूरचा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्याहून भरगच्च पाकळ्यांचा मोगरा इटलीत तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याच्याकडे पोचला. फ्लॉरेन्सजवळच्या कास्तेल्लो इथल्या त्याच्या बागेत त्यासाठी वेगळं उबदार घर होतं. त्याचं एकही कलम बाहेर जाऊ द्यायला ड्यूक तयार नसे, असं सांगतात. तरी तो पसरलाच, आणि आजही जगभरच्या रोपवाटिकांत ‘ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी’ या नावाने विकला जातो. तिकडे फिलिपाइन्सने 1934 मध्ये मोगऱ्यालाच आपलं राष्ट्रीय फूल ठरवलं. एवढा पसारा असूनही बागेतल्या मोगऱ्याला सहसा बी धरत नाही. दाब कलम आणि फाटे कलम करत माणसांच्या हातांनीच तो शतकानुशतकं देशोदेशी गेला.

आता मुळांकडे यायला हवं, कारण वैशाखात झाड मरतं ते बहुधा तिथूनच.

जमिनीत लावलेल्या झाडाची मुळं उन्हापासून सुरक्षित असतात. वीतभर खोलीवर माती दुपारीही बऱ्यापैकी गार राहते. कुंडीतल्या मुळांना पळायला जागा नसते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीवर दुपारचं ऊन थेट पडलं तर उन्हाकडच्या बाजूची माती 50 अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकते. बहुतेक झाडांची मुळं 38-40 अंशांच्या पुढे वाढणं थांबवतात आणि त्याहून जास्त तापली तर टोकाकडून मरू लागतात. पाणी शोषण्याचं काम मुळांच्या कोवळ्या टोकांशीच चालतं. ती टोकं गेली की कुंडीत भरपूर ओल असूनही झाड तहानलेलं राहतं. घरातलं माणूस सुकलेली पानं पाहून आणखी पाणी घालतं. मातीतली हवा निघून जाते, उरलीसुरली मुळं सडतात आणि झाड उन्हाने गेलं असं सगळे म्हणतात.

म्हणून पहिला उपाय कुंडीचा. मातीची भाजलेली कुंडी बाजूंनी पाझरते, तो पाझर वाऱ्यावर सुकतो आणि सुकताना कुंडी गार करतो. माठातलं पाणी गार होतं त्याच नियमाने. अशी कुंडी लवकर सुकते हे खरं, पण वैशाखात तिच्यासारखी दुसरी कुंडी नाही. प्लास्टिकचीच कुंडी असेल तर ती थोड्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवावी आणि मधल्या जागेत नारळाची सोडणं भरावीत. गच्चीवरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत खालून झळ देत राहतो. कुंडीखाली दोन विटा सरकवल्या की ती झळ तुटते आणि भोकातून पाणीही मोकळं निघतं. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवल्या तर बाहेरची रांग आतल्या रांगेवर सावली धरते. मोठी कणखर झाडं पश्चिमेला ठेवून नाजूक झाडं त्यांच्या आड ठेवावीत. पश्चिमेच्या गॅलरीत हिरवी शेडनेट लावायची तर निम्मं ऊन अडवणारी पुरते. त्याहून दाट जाळीखाली मोगरा आणि जास्वंद फुलणं बंद करतात.

दुसरा उपाय आच्छादनाचा, आणि तो इतका स्वस्त आहे की तो न करणं हा शुद्ध हलगर्जीपणा म्हणावा लागेल. सुकलेला पालापाचोळा, भाताचा पेंढा, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल त्याचा दोन-तीन बोटं जाड थर मातीवर पसरायचा. खोडाला मात्र तो चिकटू द्यायचा नाही. बाष्पीभवन कमी होतं, माती गार राहते, पाणी घालताना वरची माती उडत नाही आणि खालून तो थर हळूहळू कुजून खत बनतो. मे महिन्यात सोसायट्यांच्या आवारात झाडून गोळा केलेला पाला पेटवून देतात, त्याच्या धुराने शेजारीपाजारी खोकतात आणि त्याच आवारातल्या कुंड्या उघड्या मातीने भाजत असतात. श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ने महाराष्ट्रात कित्येकांना हा पाला जाळण्याऐवजी मातीत जिरवायला शिकवलं. शहरात गच्चीवर भाज्या पिकवणाऱ्यांनी ते ऐकलं. फुलझाडं लावणाऱ्यांमध्ये ते अजून पुरतं रुजलेलं नाही.

पाणी किती आणि केव्हा, याला एक ठरलेलं उत्तर नाही. रत्नागिरीत मे महिन्यात पारा 33-34 अंशांवर असतो पण हवा दमट, त्यामुळे पानांतून पाणी हळू उडतं. चंद्रपूर-नागपुरात तो 45 च्या वर जातो आणि हवा कोरडी, वारा गरम. तिथे लहान कुंडीला सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं. पुण्यात एका वेळी भागतं. वेळापत्रकापेक्षा बोट भरवशाचं. मातीत दोन पेरं बोट खुपसून पाहावं. ओल लागली तर पाणी घालू नये, कोरडं लागलं तर खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत घालावं. रोज वरवर तांब्याभर शिंपडल्याने मुळं वरच्या तापणाऱ्या थरातच राहतात.

भर दुपारी जास्वंदीची, मोगऱ्याची पानं लुळी पडलेली दिसतात तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. मुळं जेवढं पाणी पुरवू शकतात त्याहून जास्त पानांतून उडत असतं, म्हणून पान ऊन चुकवायला मान खाली घालतं. सूर्य कलल्यावर ते आपोआप सावरतं. सकाळीही पान लुळं दिसलं तर मात्र मुळाशी काहीतरी बिघडलंय हे नक्की. भर उन्हात पानांवर पाणी पडलं तर थेंब भिंगाचं काम करून पान जाळतो, हीसुद्धा एक जुनी धास्ती. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये ती तपासून पाहिली. मेपल आणि गिंको यांच्या गुळगुळीत पानांवर पाण्याच्या थेंबांनी डाग पडले नाहीत. लव असलेल्या, पाणी पानापासून वर उचलून धरणाऱ्या पाणनेच्याच्या पानावर मात्र भाजल्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे दुपारी झाड खरंच तहानलेलं असेल तर संध्याकाळपर्यंत थांबण्याची गरज नाही. फक्त उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी कढत असतं. ते आधी बाजूला सोडून द्यावं.

मे महिन्यात गावाला जायचं असतं आणि कुंड्यांचं काय, हा प्रश्न दर घरी येतो. शेजाऱ्यांच्या भरवशाला जोड म्हणून एक फार जुनी युक्ती आहे. झिलई नसलेलं मातीचं गाडगं मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि वर झाकणी ठेवायची. भोवतालची माती कोरडी असेल तेव्हा ती गाडग्याच्या छिद्रांतून पाणी ओढून घेते. ओली झाली की ओढ मंदावते. झाड आपल्या गरजेएवढं पितं आणि मुळं गाडग्याला वेढून बसतात. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात फान शेंगझी याच्या शेतीविषयक ग्रंथात पुरलेल्या मडक्याभोवती वेल लावण्याची ही रीत लिहून ठेवलेली आहे. आपल्याकडेही अवर्षणी भागात फळझाडांची रोपं मटका सिंचनाने जगवतात. लहान कुंड्यांना गाडगं मावत नाही. त्यांना पाण्याच्या बादलीतून सुती दोरीची वात लावून द्यावी आणि सगळ्या कुंड्या चार दिवस सावलीत एकत्र आणून ठेवाव्यात. कुंडीखालच्या ताटल्यांत पाणी भरून जाणं मात्र टाळावं. डेंगीचा एडिस डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि उकाड्यात त्याला अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी कोरड्या ताटलीला चिकटून महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून ताटली नुसती रिकामी करण्याने भागत नाही, घासावी लागते.

या दिवसांतला सर्वांत मोठा उपद्रव जास्वंदीवरचा पांढरा, कापसासारखा थर. तो बुरशीचा वाटतो, पण असतात ते पिठ्या ढेकूण. त्यांच्या बऱ्याच जाती आहेत. मध्य अमेरिकेतून आलेला पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइमतूर भागात पहिल्यांदा नोंदला गेला, दोन वर्षांत महाराष्ट्रापर्यंत पोचला आणि पपई, तुती यांच्याबरोबर घरोघरच्या जास्वंदीवरही बसला. कीटकनाशकांनी तो आटोक्यात येईना, कारण अंगावरच्या मेणचट पिठामुळे औषध त्याला लागतच नाही. शेवटी बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक ब्यूरोने 2010 मध्ये प्युर्तो रिकोहून अ‍ॅसेरोफॅगस पपाये नावाची एक मिलिमीटरभरही नसलेली गांधीलमाशीच्या गोतातली माशी आणली. ती पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडं घालते आणि तिची अळी त्याला आतून खाते. बागायतदारांची लाखोंची बागायत त्या ठिपक्याएवढ्या जिवाने वाचवली.

गॅलरीत जहाल विष फवारलं की मरतात त्या आधी अशा माश्या आणि चित्रांगी भुंगे. पिठाखालचे ढेकूण राहतात. त्यापेक्षा पाण्याची जोरदार धार मारून ढेकूण खाली पाडावेत, उरलेल्यांवर लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घोळवून फवारावं, तेही ऊन उतरल्यावरच, कारण तेलाने भर उन्हात पान करपतं. आणि मुंग्यांकडे पाहावं. ढेकणांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, त्यांच्या शत्रूंना हुसकून लावतात. कुंडीपर्यंतची मुंग्यांची रांग तोडली तर मित्रकीटकांचं काम सोपं होतं. कोरड्या हवेत गुलाब आणि मोगऱ्याच्या पानांखाली लाल कोळीही वाढतो. पान वरून धुळकट, ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. पानांची खालची बाजू आठवड्यातून दोन-तीनदा पाण्याने धुतली तर त्याला वाढायला कोरडं वातावरण मिळत नाही. मोगऱ्याची न उमललेली कळी जांभळट दिसली तर आत अळी आहे. ती कळी खुडून नष्ट करावी.

मोगऱ्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर तो लोहाचा अभाव. मातीत लोह नसतं असं नाही. चुनखडीची काळी माती आणि बोअरच्या जड पाण्यात ते मुळांना उचलता येत नाही. चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून दिली किंवा चिलेटेड लोह फवारलं की नवी फूट हिरवी येते. बाकी खताच्या बाबतीत हात आखडताच बरा. तापलेल्या, तहानलेल्या मातीत रासायनिक खताचे क्षार मुळांना जाळतात. मूठभर गांडूळखत आणि निंबोळी पेंड महिन्यातून एकदा आच्छादनाखाली सरकवली तरी पुरते. सध्या मोबाइलवर रोज फिरणारे केळ्याची साल, उकडलेल्या बटाट्याचं पाणी, दुधाळ चहाचा चोथा असले उपाय थेट कुंडीत करू नयेत. कच्चा चोथा कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो आणि साखरेवर मुंग्या येतात. साल आणि चोथा खताच्या डब्यात आधी कुजू द्यावा.

गुलाबाकडून या दिवसांत फार अपेक्षा ठेवू नये. उकाड्यात फूल घाईने उमलतं, लहान राहतं आणि रंगद्रव्य कमी बनल्यामुळे लाल गुलाबही फिका दिसतो. त्याची मोठी छाटणी पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात. आता फक्त सुकलेली फुलं काढावीत.

उलट एक झाड आहे ज्याची वेळ हीच. मूळ आफ्रिकेतला मे फ्लॉवरचा कंद थंडीत पानं टाकून गुडुप होतो, आणि कित्येक घरांत ती कुंडी रिकामी समजून तिच्यात दुसरं काही लावलं जातं. तसं केलं नाही तर मे महिन्यात मातीतून एकटा जाड दांडा वर येतो आणि त्यावर शंभरावर बारीक फुलांचा लाल चेंडू उमलतो. पानं त्याच्याबरोबर किंवा मागाहून येतात. पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांनी साठवलेल्या अन्नावर ठरतं, म्हणून फूल गेल्यावरही पावसाळाभर त्या कुंडीची काळजी घ्यावी लागते. गोव्यात आणि तळकोकणात परसदारी अबोली असतेच. तिची सुकलेली बोंडं पाण्याचा थेंब लागताच तड्‌कन फुटून बी दूर फेकतात, तेव्हा बी हवं असेल तर पहिल्या वळवाआधी बोंडं कोरडी असतानाच काढून ठेवायची.

तो वळीव आला की कामांचा क्रम बदलतो. कुंड्यांची भोकं काडीने मोकळी करायची, शेडनेट उतरवायची आणि खोडाशी दाटलेलं आच्छादन मागे सारायचं, नाहीतर बुरशी धरते. गौरीसाठी तेरडा हवा असेल तर त्याचं बी पहिल्या पावसाबरोबर टाकावं, झेंडूचं जूनच्या मध्यापर्यंत. मोगऱ्याचं दाब कलमही मृगाच्या आसपास करतात. खालची लवचिक फांदी वाकवायची, मधल्या पेराखाली साल थोडी खरवडायची, तेवढा भाग शेजारच्या कुंडीतल्या मातीत पुरून वर दगड ठेवायचा आणि शेंडा बाहेर राहू द्यायचा. पावसाच्या ओलीत दोन-अडीच महिन्यांत त्या जागी मुळं धरतात. हलक्या हाताने ओढून पाहावं. फांदी मातीत घट्ट वाटली की मूळ झाडाकडची बाजू कात्रीने कापून नवं रोप आठवडाभर सावलीत ठेवावं आणि मग उन्हात आणावं.